डोंगरावरची बिअर : सहलीत ग्लास उचलण्याआधी जाणून घ्या कसौली, देवळाली आणि आपल्या कनकीची गोष्ट

कोंढा (ता. पवनी) : धानाचे चुकारे खात्यात पडले आणि पोरांना सुट्या लागल्या की कोंढा-कोसरा, अड्याळ, पवनी भागातली मंडळी आता शेगाव-पचमढीवर थांबत नाहीत. शिमला, मनालीपर्यंत गाड्या जातात. तिथे गेल्यावर तरुण पोरांना दिसते ती पाटी असते ‘ब्रुअरी’ची. लाकडी पाटावर चार-सहा लहान ग्लास, प्रत्येकात वेगळ्या रंगाची बिअर, मागे डोंगर. फोटो गावच्या ग्रुपवर पडतो आणि खाली प्रश्न सुरू होतात. ही काय नवीन भानगड? बाटलीतल्या बिअरपेक्षा वेगळी कशी? आणि गावात ज्याला दारू म्हणतात ती हीच, की दुसरी?

उत्तर सरळ आहे. दारूच आहे. ‘बिअरच त आहे, दारू थोडी होय’ असे म्हणणारे प्रत्येक गावात दोन-चार सापडतात, त्यांचा हिशेब खाली केलाच आहे. पण ही बिअर कुठून आली, कशी बनते, तिच्यात आपल्या धानपट्ट्याचा वाटा किती, हे समजून घेण्यासारखे आहे.

कसौली आणि सोलन

डोंगरावरची ब्रुअरी म्हटली की भारतात पहिले नाव निघते ते हिमाचलातल्या कसौलीचे. एडवर्ड डायर या इंग्रजाने १८५५ च्या सुमारास समुद्रसपाटीपासून सुमारे सहा हजार फुटांवर ही ब्रुअरी काढली. गिऱ्हाईक ठरलेले होते, इंग्रजांच्या छावण्यांतले गोरे शिपाई. तोवर त्यांच्यासाठी बिअर विलायतेहून जहाजाने यायची, आफ्रिकेला वळसा घालून, महिनोन्महिने. शिपाई मग स्वस्त अरक आणि रम प्यायचे आणि आजारी पडायचे. त्यापेक्षा बिअर बरी, असे लष्करी अधिकाऱ्यांचे मत होते. कसौलीच्या ‘लायन’ बिअरचा धंदा त्यावरच चालला. पुढे चांगल्या झऱ्याच्या पाण्यासाठी बिअरचे काम जवळच्या सोलनला गेले आणि कसौलीत व्हिस्की गाळणे राहिले. डायर आणि मीकिन अशी दोन्ही इंग्रजी नावे पुढे एकाच कंपनीत आली. १९४९ मध्ये एन. एन. मोहन यांनी ती घेतली. तीच आजची मोहन मीकिन. ‘ओल्ड मंक’ रम १९५४ पासून याच कंपनीची.

डायर हे नाव ऐकून दचकायला होते, आणि ते बरोबरच आहे. १३ एप्रिल १९१९ ला जालियनवाला बागेत गोळीबार करवणारा जनरल रेजिनाल्ड डायर हा याच एडवर्ड डायरचा मुलगा. त्याचा जन्म १८६४ चा, मरीचा. मरी हे आता पाकिस्तानात असलेले थंड हवेचे ठिकाण आहे, आणि तिथेही १८६० मध्ये ब्रुअरी निघाली होती. ती कंपनी आजही चालू आहे.

कालका-शिमला छोट्या रेल्वेने जाणाऱ्यांना वाटेत ‘सोलन ब्रुअरी’ नावाचे स्टेशनच लागते. ही लाइन १९०३ ची, २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत. रुळांमधले अंतर अडीच फूट. पवनी रोड स्टेशनवरून नागपूर-नागभीड छोट्या गाडीत बसलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको, तेवढ्याच रुंदीची ती गाडी होती. आपली २०१९ ला मोठ्या लाइनसाठी बंद झाली. शिमल्याची मात्र तशीच ठेवून तिकिटे विकली जातात.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कसौली-सोलनचे हे जुने कारखाने आहेत. कारखाना दिसला म्हणजे आत जाऊन ग्लास मिळेल असे नाही. चव घेण्याची सोय असते ती नव्या जमान्याच्या छोट्या ब्रुअरीत, जिथे हॉटेलातच टाक्या बसवलेल्या असतात. आधी फोन करून विचारलेले बरे.

थंडीचे काय काम?

भंडाऱ्याच्या मे महिन्यात बिअर आंबवायला ठेवली तर काय होईल, हे आंबील किंवा इडलीचे पीठ लावणाऱ्या बाईला विचारावे. रात्रीतून उतू जाईल आणि आंबूस वास मारेल. बिअरचे यीस्ट, म्हणजे खमीर, हा जिवंत जीव आहे. त्याला जास्त ऊन लागले की तो घाई करतो आणि चव बिघडवतो. ‘एल’ जातीच्या बिअरला साधारण १५ ते २२ अंश तापमान लागते. ‘लागर’ला त्याहून कमी, ८ ते १३ अंश, आणि नंतर काही आठवडे आणखी थंडीत मुरावे लागते. लागर या जर्मन शब्दाचा अर्थच कोठार, साठवण.

म्हणून यंत्राचा गारवा यायच्या आधी बिअरवाले डोंगर शोधायचे. १८७० च्या दशकात जर्मनीच्या कार्ल फॉन लिंडे यांनी गारवा तयार करणारे यंत्र बनवले. त्यांचे पहिले गिऱ्हाईक म्युनिकची बिअर कंपनीच होती. आज गावोगावच्या दूध संकलन केंद्रात जो बल्क कूलर असतो, त्याचे मूळ त्याच खटाटोपात आहे. त्यानंतर डोंगराची गरज उरली नाही. आता डोंगर आहे तो पर्यटकासाठी.

बनते कशी

मुख्य माल चार: पाणी, जव, हॉप्स आणि यीस्ट.

जव म्हणजे सातू. तो भिजवून मोड आणतात. पऱ्हे टाकण्याआधी आपण धानाचे बी पोत्यात भिजवून अंकुर काढतो, तसेच. मोड येताना दाण्यात अशी द्रव्ये तयार होतात, जी पिठाची साखर करतात. कोंब लांब व्हायच्या आत गरम हवेने तो वाळवतात. याला माल्ट म्हणतात. कमी भाजला तर बिअर पिवळी, जास्त भाजला तर काळी. काळ्या ‘स्टाउट’ला कॉफीसारखी चव येते ती या भाजण्याने, कॉफी घालूनच येते असे नाही.

माल्ट भरडून सुमारे ६५ अंशाच्या पाण्यात तासभर ठेवतात. पिठाची साखर होते, गोड पाणी निघते. ते गाळून हॉप्स घालून उकळतात. हॉप्स ही एका वेलीची हिरवी फुले. कडवटपणा, वास आणि टिकाऊपणा त्यांच्यामुळे येतो. थंड हवेचे आणि उन्हाळ्यात लांब दिवसांचे हे पीक आहे. भारतात हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात ते घेतले गेले, पण बहुतेक माल बाहेरूनच येतो. मग थंड करून यीस्ट सोडायचे. यीस्ट साखर खातो, त्यातून अल्कोहोल आणि फेसाचा वायू निघतो. एल दोन-तीन आठवड्यांत ग्लासात येते.

मागे उरतो चोथा. पशुपालकाने इथे कान टवकारावेत. या चोथ्यात साखर नसते, पण प्रथिने भरपूर असतात. सुकलेल्या चोथ्यात पाचवा ते चौथा हिस्सा प्रथिने निघतात. दुभत्या जनावराला तो जगभर खाऊ घालतात. फक्त ओला चोथा दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो, म्हणून ब्रुअरीच्या जवळच्याच गोठ्याला त्याचा फायदा.

देवळालीचा ताप

महाराष्ट्रात या नव्या लाटेची सुरुवात पुण्यात झाली. २००९ मध्ये सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी जर्मन ब्रुअर ऑलिव्हर शाउफ यांना घेऊन पुण्याच्या कोरिंथियन्स क्लबमध्ये ‘डूलाली’ सुरू केली. देशातल्या अगदी सुरुवातीच्या क्राफ्ट ब्रुअरींत तिचे नाव घेतात. पुढे मुंबईत तिच्या शाखा निघाल्या, पुण्यात इतरही बऱ्याच ब्रुअरी आल्या.

नाव मजेशीर आहे. डूलाली म्हणजे आपल्या नाशिकजवळची देवळाली. इंग्रजांच्या काळी तिथे लष्कराचा मोठा तळ होता. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई घरी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथे महिने काढायचे. काम नाही, ऊन आणि दारू. काहींचे डोके फिरायचे. त्यावरून इंग्रजीत ‘डूलाली टॅप’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. टॅप म्हणजे आपला ताप. वेड लागलेल्याला इंग्रज आजही डूलाली म्हणतो. बिअरच्या ब्रँडला हे नाव देणाऱ्याला गंमत वाटली असेल. पण रिकामा वेळ आणि दारू एकत्र आली की काय होते, याची नोंद त्या शब्दात केव्हाची पडून आहे.

‘क्राफ्ट’ हा शब्द परवान्यातला नाही. परवाना मायक्रोब्रुअरीचा असतो. म्हणजे थोडा माल, जागेवर बनवलेला आणि जागेवरच विकलेला. बहुतेक वेळा तो गाळून चकचकीत केलेला किंवा टिकावा म्हणून तापवलेला नसतो, म्हणून गढूळ दिसतो आणि लवकर खराब होतो. ताजेपणा हाच त्याचा गुण, तीच त्याची अडचण.

चव घेताना

पाटावर ग्लास येतात त्याला ‘फ्लाइट’ किंवा ‘सँपलर’ म्हणतात. फिक्यापासून सुरू करून गडद आणि कडूकडे जायचे. उलटे केले तर पहिल्याच कडू घोटाने जीभ मरते, पुढचे काही कळत नाही. मधे पाणी प्यायचे. सोबत फुटाणे चालतात, फार तिखट नको. विदर्भातल्या जिभेला हे सांगणे अवघड, पण सावजीच्या रश्शानंतर बिअरची चव शोधणे म्हणजे पैसे पाण्यात.

गव्हाची जर्मन बिअर घेतली तर केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात ना केळे असते ना लवंग, ते यीस्टचे काम आहे. बेल्जियमच्या पद्धतीची ‘विट’ असेल तर तिच्यात खरोखरच धणे आणि संत्र्याची साल असते. नागपुरी संत्र्याच्या शेजारी राहणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. ‘आयपीए’ म्हणजे इंडिया पेल एल. नावात इंडिया असली तरी ती मूळ विलायतेत भारतासाठी बनलेली, भरपूर हॉप्स घातलेली कडू बिअर आहे. पहिल्यांदा पिणाऱ्याला ती कडुनिंबाच्या काढ्यासारखी लागली तर त्याची चूक नाही. सफरचंदाची ‘सायडर’ गोडसर लागते आणि मेनूत बिअरसोबत असते, पण ती बिअर नव्हे, फळाची दारू आहे. गोड लागते म्हणून जास्त पोटात जाते.

आता हिशेब. लहान ग्लास १०० मिलिलिटरचा धरला आणि असे सहा झाले, तर पोटात ६०० मिलिलिटर गेली. म्हणजे बाटलीतल्या मोठ्या बिअरपेक्षा जेमतेम एक घोट कमी. ५ टक्के अल्कोहोल धरले तर त्यात ३० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल होते. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या लहान पेगात ते साधारण १३ मिलिलिटर असते. म्हणजे ‘नुसती चव घेतली’ म्हणणाऱ्याने सव्वादोन पेग घेतलेले असतात. शरीर ते ताशी सात-आठ ग्रॅमच्या वेगाने काढते. इथे वजन २४ ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे तीन तास. लिंबूपाण्याने किंवा अंघोळीने हा वेळ कमी होत नाही. मायक्रोब्रुअरीत काही बिअर ७-८ टक्क्यांच्याही असतात, त्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. साखरेच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारलेले बरे.

आणि बाहेर घाट असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले तर पहिल्या वेळी दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गाडीत बायको-लेकरे असतात, याला मात्र कलम नाही. गाडी चालवणाऱ्याने ग्लासाला हात लावायचा नाही आणि हे घरून निघतानाच ठरवायचे. तिथे गेल्यावर ठरत नाही, हा सगळ्यांचा अनुभव आहे.

आपला तांदूळ कुठे जातो

बिअर जवाची, मग धानपट्ट्याचा संबंध काय? संबंध कनकीचा. जर्मनीच्या बव्हेरियात १५१६ मध्ये कायदा झाला की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी याशिवाय काही घालायचे नाही. जगातल्या बाकी मोठ्या कंपन्यांनी तो पाळला नाही. अमेरिका, जपान, भारत सगळीकडे कारखान्याच्या बिअरमध्ये तांदूळ किंवा मका जातो. तांदळाने बिअर हलकी, फिकी आणि स्वस्त होते. तांदळाला मोड आणत नाहीत. तो आधी वेगळा शिजवून माल्टच्या पाण्यात मिसळतात, कारण ६५ अंशाला त्याचे पीठ नीट फुलत नाही. अखंड दाण्याची गरज नसते, म्हणून मिलमध्ये पडणारा तुकडा किंवा त्याचे पोहे चालतात.

आता शेतकऱ्याचा वाटा मोजू. लिटरभर साध्या बिअरला सगळे मिळून १७० ग्रॅमच्या आसपास धान्य लागते. त्यात चौथा हिस्सा तांदूळ धरला तर ६५० मिलिलिटरच्या बाटलीत २७-२८ ग्रॅम, म्हणजे मूठभरही नाही. क्विंटलभर धानाचा सरकारी हिशेबाने ६७ किलो तांदूळ होतो. म्हणजे त्या बाटलीमागे ४० ग्रॅम धान. साधारण धानाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. तेव्हा बाटलीतला धानवाल्याचा हिस्सा रुपयाच्या आतच येतो. बाकीची रक्कम माल्ट, काच, वाहतूक, नफा आणि सगळ्यात मोठा घास म्हणजे सरकारी कर. शुद्ध माल्टवर भर देणाऱ्या बहुतेक क्राफ्ट ब्रुअरीत तर तांदळाला तेवढीही जागा नाही.

तांदळापासूनच बिअर करण्याची रीत आपल्याच देशात जुनी आहे. झारखंडची हंडिया, अरुणाचलची अपोंग या तांदळाच्याच. कुलू-मनालीकडे लुगडी नावाची घरगुती बिअर असते. लुगड्याशी तिचा संबंध नाही, नाव ऐकून बायामाणसे हसतील एवढेच. आपल्याकडे मोहफुलाची गाळलेली दारू होती आणि आहे, पण ती घरी गाळणे महाराष्ट्रात गुन्हा. शेजारच्या मध्य प्रदेशाने मात्र मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’चा दर्जा देऊन आदिवासी बचत गटांकडून ‘मोंड’ आणि ‘मोहुलो’ या नावांनी ती बाजारात आणली. तोच मोह, तीच फुले. पर्यटकाच्या टेबलावर गेली की वारसा, आपल्याकडे भट्टीवर सापडली की गुन्हा. यावर महाराष्ट्राने काय करावे, यावर गावात दोन मते आहेत आणि बायकांचे मत बहुतेक एकच आहे.

पाणी

एक लिटर बिअरला कारखान्यात तीन ते सहा लिटर पाणी लागते, लहान ब्रुअरीत त्याहून जास्त. यात धुण्या-पुसण्याचे पाणीही आले. महाराष्ट्रातले बिअरचे मोठे कारखाने आहेत ते मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यात. एप्रिल २०१६ च्या दुष्काळात, लातूरला रेल्वेने पाणी जात असताना, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तिथल्या मद्य कारखान्यांचे पाणी आधी निम्म्याने आणि मग ६० टक्क्यांपर्यंत कापायला लावले होते. गोसेखुर्द धरण पवनी तालुक्यातच असून कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाण्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला हा भाग समजावून सांगायची गरज पडू नये.

कायद्याच्या चार गोष्टी

महाराष्ट्रात मद्य पिण्याला परवाना लागतो. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. एक दिवसाचा, वर्षाचा आणि कायमचा असे परवाने मिळतात. सौम्य बिअरसाठी वय २१, बाकी मद्यासाठी २५. गोव्यात १८ चालते, दिल्लीत २५ लागतात, तेव्हा राज्य बदलले की नियम बदलला असे धरावे. गुजरात आणि बिहारमध्ये दारूबंदीच आहे.

सोबत बाटल्या आणण्याचा मोह होतो, तिथे जास्त लोक फसतात. दुसऱ्या राज्यात कर भरून घेतलेली बाटली महाराष्ट्रात परवान्याशिवाय आणणे हा गुन्हा आहे, बिल खिशात असले तरी. क्राफ्ट बिअर तर तशीही प्रवासात टिकत नाही. आणि आपल्या जिल्ह्याला खेटून गडचिरोली आहे. तिथे १९९३ पासून दारूबंदी. वर्ध्यात १९७५ पासून. चंद्रपूरची २०१५ ला लागली आणि २०२१ ला उठली. लाखांदूरहून देसाईगंजला पाहुणा म्हणून जाताना, हिमाचलची आठवण म्हणून डिक्कीत ठेवलेली एक बाटलीही पोलिसांच्या नाक्यावर आठवण राहत नाही, मुद्देमाल होते.